मुठीत काय आहे?

"आत्या, तुझ्या मुठीत काय आहे?"

भाचा सहा वर्षांचा. मांडीवर जुना अल्बम घेऊन बसला होता आणि त्याचं बोट माझ्या उजव्या हातावर होतं. मी चष्मा सरसावून पाहिलं. आईबाबांच्या मागे मी उभी, उजव्या हाताची मूठ घट्ट आवळलेली, अंगठा आत दडपलेला. कुणी तरी गुपचूप दिलेलं नाणं सांभाळत असल्यासारखी. "काही नाही रे," म्हटलं. त्यानं पान उलटलं. तिथंही मूठ. पुढच्या पानावर कपडे वेगळे, जागा वेगळी, मूठ तीच. मग त्याला खेळच सापडला. त्या दुपारी आम्ही तीन अल्बम चाळले आणि सत्तावीस मुठी मोजल्या. शेवटी तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "सांग ना. मी कुणाला नाही सांगणार."

हसू आलं, पण रात्री मी पुन्हा अल्बम उघडून बसले. मूठ राहू दे, वरचा चेहरा तरी कुणाचा होता? जबडा आवळलेला, ओठ ताणलेले, डोळे भलतीकडेच. रोजच्या जगण्यात मी बऱ्यापैकी हसरी बाई आहे. फोटोत मात्र तिकीट तपासनिसानं अडवलेल्या प्रवाशासारखी.

एकटी मीच नव्हते म्हणा. बाबा प्रत्येक फोटोत छाती भरून, ओठ घट्ट मिटून उभे. दादाचे डोळे बंद. वहिनीची मान कायम डावीकडे वळलेली, कारण कधी काळी तिला कुणी तरी 'ही बाजू छान दिसते' असं सांगून ठेवलंय. आणि आईचं तोंड दर फोटोत अर्धवट उघडं. ती कॅमेऱ्याकडे बघतच नसते, 'अरे, समोर बघ' असं कुणाला तरी बजावत असते. आम्ही सगळे एकत्र आहोत आणि सगळे आपापल्यासारखे दिसतोय, असा एकही फोटो घरात नव्हता.

प्रयत्न केले नव्हते असं नाही. आठ वर्षांपूर्वी आम्ही रीतसर एका स्टुडिओत गेलो होतो. सगळ्यांना पांढरे शर्ट, मागे राखाडी पडदा. फोटोग्राफर दर दोन मिनिटांनी "हसा, अजून थोडं, अजून" म्हणत होता आणि दर 'अजून'ला आमची तोंडं जास्तच वाकडी होत होती. माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. "नीट हास," असं त्याला चौथ्यांदा सांगितल्यावर तो रडायला लागला. दोन तासांच्या त्या खटाटोपातून एक फ्रेम घरी आली. ती सध्या कपाटाच्या मागे आहे, तोंड भिंतीकडे करून.

यंदा आईबाबांच्या लग्नाला 50 वर्षं झाली. घरात काही करायचं म्हटलं की वाटणी होते, त्यात माझ्या वाट्याला फोटो आला. मूठवालीकडेच!

ऑफिसात माझी एक मैत्रीण आहे. सुट्टीच्या दिवशी लोकांचे घरगुती फोटो काढते, बरीच वर्षं काढते आहे. जेवणाच्या सुट्टीत मी तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, माझा चेहराच फोटोत न येणारा आहे का? तिनं उत्तर दिलं नाही. आपला फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून व्हिडिओ चालू केला, मला दुसरंच काही विचारत राहिली आणि मध्येच माझा फोन उचलून म्हणाली, "थांब, एक फोटो काढते."

तो व्हिडिओ नंतर मी कितीदा तरी पाहिला. 'फोटो' हा शब्द कानावर पडायच्या आधी मी हात हलवत काही तरी सांगते आहे, एक भुवई वर आहे, बोलता बोलता हसते आहे. तिनं फोन उचलला आणि माझे खांदे बोटभर वर गेले. श्वास थांबला. टेबलावरच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांखाली सरकत गेला, गोगलगाय शंखात शिरते तसा. ओठांवरचं हसू होतं तिथंच थिजलं आणि हळूहळू आंबट झालं. ती मुद्दाम फोटो काढतच नव्हती. अकराव्या सेकंदाला तिनं बटण दाबलं, तोवर मी पार अल्बममधली बाई झाले होते.

"फोटोला लागला सेकंदाचा दोनशेवा भाग," ती म्हणाली. "तू थांबलीस अकरा सेकंद. चेहऱ्याला काही झालेलं नाही. तू थांबतेस तिथं सगळं बिघडतं."

एवढंच. पण माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फोटोत हसताना चुकतो कुठे ते मी शोधत होते. चूक त्याच्या आधीच्या त्या अकरा सेकंदांत होती. आमच्या घरात तर अकरा सेकंद म्हणजे काहीच नाही. बारा जणांना उभं करायचं, 'तू इकडे ये', 'उंच मागे', 'चष्मा काढ', 'नको, घाल', मग 'रेडी?', मग कुणाचा तरी फोन वाजतो. दीड-दोन मिनिटं तरी सगळे हसू तोंडात धरून उभे, गरम घास तोंडात धरावा तसे.

थांबण्याची ही सवय आली कुठून याचं मला कुतूहल वाटलं. 1839 साली डागेरोटाइपची, म्हणजे धातूच्या पत्र्यावर छायाचित्र उमटवायची पद्धत जाहीर झाली तेव्हा एका चित्राला कित्येक मिनिटं लागायची. त्याच वर्षी फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियस नावाच्या माणसानं स्वतःचंच छायाचित्र काढलं. त्यासाठी तो दहा-पंधरा मिनिटं कॅमेऱ्यासमोर होता असं सांगतात. पुढे वेळ कमी झाला तरी डोकं हलू नये म्हणून स्टुडिओत मानेमागे लोखंडी चिमट्याचा स्टँड लावत. तेव्हाच्या माणसांचे चेहरे गंभीर दिसतात त्याचं हे एक साधं कारण: इतका वेळ हसू टिकत नाही. कॅमेरे हजारो पटींनी झटपट झाले. आमच्या माना मात्र अजून त्या चिमट्यातच.

मैत्रिणीनं पहिलं काम दिलं ते फोटोचं नव्हतंच. "प्रत्येकाला फोन कर आणि विचार, फोटो म्हटलं की काय नको वाटतं. उपदेश करायचा नाही, नुसतं ऐकायचं."

केले फोन. दादाला फ्लॅशची धास्ती. फ्लॅश उडणार म्हटलं की त्याचे डोळे आधीच मिटतात, आणि मग 'डोळे उघडे ठेव' असं जितक्या जणांनी सांगावं तितके ते जास्त फडफडतात. वहिनीला हनुवटीखालच्या दुसऱ्या हनुवटीची काळजी. धाकट्या बहिणीला काहीच अडचण नव्हती, पण तिची लेक सव्वा वर्षाची, ती एका जागी राहील तर शपथ. माझा मुलगा आता सोळा वर्षांचा. त्यानं अटी घातल्या: वीस मिनिटांच्या वर थांबणार नाही आणि 'हास की रे' असं कुणी म्हणायचं नाही. मला ती दुसरी अट तेव्हा उद्धट वाटली होती. आई म्हणाली, "माझं काही नाही. तुम्ही नीट उभे राहा म्हणजे झालं."

बाबा बराच वेळ 'मला काय, मी उभा राहतो' असंच म्हणत राहिले. मग सहज बोलल्यासारखं म्हणाले, "शाळेच्या ग्रुप फोटोच्या वेळी मास्तर म्हणाले होते, ए फटवाल्या, तोंड मीट."

बाबांच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट आहे. ती आम्हाला इतकी सवयीची, की तिच्यात लपवण्यासारखं काही असेल असं कधी मनातही आलं नव्हतं. ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. साधारण अडुसष्ट वर्षं प्रत्येक फोटोत हा माणूस तोंड मिटून उभा होता. फोन ठेवल्यावर मी काही वेळ तशीच बसून राहिले.

मुलाची अट उद्धट नव्हती हे पुढे कळलं. 'हास' असं सांगून हसू का येत नाही याचं उत्तर दुशेन या फ्रेंच डॉक्टरानं 1862 साली देऊन ठेवलंय. चेहऱ्याच्या एकेका स्नायूला विजेचा सौम्य झटका देऊन तो हावभाव तपासायचा आणि त्यांची छायाचित्रं काढून ठेवायचा. दहा वर्षांनी डार्विननं भावनांविषयी लिहिताना यातली काही छायाचित्रं वापरली. दुशेनला दिसलं ते असं: ओठांचे कोपरे वर खेचणारा गालाचा स्नायू आपलं ऐकतो, 'हस' म्हटलं की हसतो. पण डोळ्याभोवतीचा स्नायू, ज्यानं गाल वर येतात आणि कडांना सुरकुत्या पडतात, तो मनातून आनंद झाल्याशिवाय सहसा हलत नाही. काहींना तेही ठरवून जमतं, पण आमच्या घरात असं कुणी नाही. म्हणजे 'हास की रे' म्हटल्यावर मुलाचे ओठ हसणार, डोळे रागावणार, आणि फोटोत दोन्ही येणार.

सराव सुरू केला तेव्हा पहिली चूक मी आरशासमोर केली. आठवडाभर रोज दहा मिनिटं 'नैसर्गिक' हसून पाहिलं. नवरा बाहेरून विचारायचा, "दात दुखतोय का?" मैत्रिणीनं ते बंद करायला लावलं. आरशात बघितलं की आपण स्वतःवर पहारा ठेवतो, आणि नेमका तोच पहारा फोटोत दिसतो. शिवाय आरसा डावं-उजवं उलटं दाखवतो. 1977 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणींना त्यांचाच फोटो सरळ आणि उलटा असा दोन्ही प्रकारे दाखवला होता. त्यांना स्वतःला आरशातल्यासारखा उलटा जास्त आवडला, त्यांच्या मैत्रिणींना सरळ. ज्याची डोळ्यांना सवय तेच बरं वाटतं. मी माझा एक फोटो फोनवर उलटा करून पाहिला आणि चकित झाले. नाक तेच, भांग तोच, पण 'अरे, ही तर मी'. म्हणजे फोटोतली मी मला परकी वाटते यातला थोडा भाग माझ्या चेहऱ्याचा नाहीच, माझ्या न्हाणीघरातल्या आरशाचा आहे!

जे खरंच उपयोगी पडलं ते फार साधं होतं. एक म्हणजे श्वास. फोटोच्या आधी आपण श्वास आत घेऊन धरतो, त्यानं खांदे वर चढतात आणि मान गायब होते. त्याऐवजी सोडायचा, ओठ सैल ठेवून, दमून घरी आल्यावर सोडतो तसा. एवढ्यानंच जबडा सुटतो. दुसरं, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन सावधान उभं राहायचं नाही. एका पायावर भार टाकला की कंबर, खांदे, मान सगळं आपोआप थोडं वाकडं होतं, आणि जिवंत माणूस वाकडाच उभा असतो. तिसरं हातांचं, आणि इथं माझी मूठ होती. मी ती उघडी ठेवायचा प्रयत्न केला तर पंजा झाडूसारखा पसरायचा. मैत्रीण म्हणाली, "हाताला गप्प राहा असं सांगू नकोस, काम दे." कुणाच्या खांद्यावर ठेव, मुलाची बाही सरळ कर, कप धर, काहीही. रिकाम्या हाताला आपण रिकामे आहोत हे फार जाणवतं.

वहिनीसाठी एक युक्ती मिळाली ती तिला आजही आवडते. हनुवटी वर करायची नाही, कारण मग नाकपुड्या दिसतात. मागेही ओढायची नाही, कारण मग दुसरी हनुवटी दिसते. कपाळ कॅमेऱ्याकडे किंचित पुढे न्यायचं, कासवासारखं, आणि हनुवटी जराशी खाली. करताना खुळ्यासारखं वाटतं. फोटोत जबड्याची रेघ स्वच्छ येते.

फोनविषयीही एक गैरसमज फिटला. ग्रुप फोटोत मी नेहमी कडेला उभी राहते आणि नेहमी रुंद दिसते. दोष मी खाण्यापिण्याला देत होते. फोनचा नेहमीचा कॅमेरा साधारण 24 ते 28 मिलिमीटरच्या लेन्सइतकं रुंद दृश्य टिपतो आणि त्यात कडेची माणसं ताणली जातात. जवळून काढलेल्या फोटोत नाकही मोठं होतं. 2018 साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी हिशेब मांडला होता: पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत एका फुटावरच्या फोटोत नाक साधारण 30 टक्के रुंद दिसतं. उपाय फुकटचा आहे. फोटो काढणाऱ्यानं चार पावलं मागे जायचं आणि फोनवर दुप्पट झूम करायचा. आणि कडेला थोडी मोकळी जागा सोडायची, म्हणजे माणूस कडेला जात नाही.

कपड्यांवर आमचा एक संपूर्ण रविवार गेला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. एकसारखे नकोत, नवेकोरे नकोत, टोचणारे नकोत. बस.

ठरलं होतं सकाळी आठला, ऊन कोवळं असताना. छोटीला नेमकी साडेसातला झोप लागली. झोपलेल्या मुलीला उठवून फोटो काढावा असं वाटणारा माणूस या घरात नव्हता. ती उठली साडेअकराला. मग आम्ही गच्चीवर गेलो आणि पहिल्या पाच मिनिटांत कळलं की हे जमणार नाही. ऊन थेट डोक्यावर. भुवयांच्या सावलीत सगळ्यांचे डोळे म्हणजे काळे खड्डे, दादाचे तर दोन रेघा. मैत्रिणीनं सगळ्यांना खाली व्हरांड्यात आणलं. छपराची सावली, समोर उघडं आभाळ. चेहरे उजेडाकडे, ऊन कुणाच्याच अंगावर नाही. फ्लॅशची गरज नाही हे ऐकताच दादाच्या कपाळावरची आठी गेली. तरी तिनं त्याला सांगितलं, "तुम्ही डोळे मिटूनच उभे राहा. मी 'आता' म्हटलं की उघडा." नुकत्याच उघडलेल्या डोळ्यांना लगेच मिटायची घाई नसते. दादा इतका आज्ञाधारक मी पहिल्यांदाच पाहिला.

उभं करताना तिनं रांग केलीच नाही. आईबाबा बाकावर, छोटी बहिणीच्या कडेवर, भाची पायरीवर, माझा मुलगा खांबाला टेकून. कुणाचंही डोकं शेजारच्याच्या बरोबरीला येऊ नये एवढंच ती बघत होती. खांबाला टेकायला मिळालं म्हणून मुलगा निम्मा खूश. आणि प्रत्येकानं कुणाला तरी हात लावायचा. हे मला आधी नाटकी वाटलं होतं. पण शेजारच्याच्या अंगाची ऊब लागली की आपण त्याच्याकडे थोडे झुकतो, त्याची बातच वेगळी.

किती फोटो काढणार, असं नवऱ्यानं विचारलं. त्याला भूक लागली होती. तिनं हसत हिशेब सांगितला. ऑस्ट्रेलियातल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स या दोघांना 2006 साली गणिताचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं ते याच प्रश्नावर: ग्रुप फोटोत कुणाचेच डोळे मिटलेले नसावेत यासाठी किती फोटो काढावे लागतील? वीसपेक्षा कमी माणसं असतील तर उजेड चांगला असताना संख्येला तीननं भागायचं, कमी असेल तर दोननं. आम्ही बारा. म्हणजे चार फोटो. "हे फक्त डोळ्यांचं झालं," ती म्हणाली, "तोंडांचं गणित अजून कुणी मांडलेलं नाही."

पहिले चार फोटो काढले. डोळे सगळ्यांचे उघडे. आणि आम्ही? पुन्हा स्टुडिओतले. इतकी तयारी करून बाबांची छाती फुगलेली, आईचं तोंड "समोर बघ" म्हणताना उघडलेलं, आणि माझी मूठ. हो, मूठ. उजवा हात वहिनीच्या खांद्यावर होता, म्हणून बिचारीनं डाव्या हातात घर केलं होतं.

मैत्रीण म्हणाली, "झालं. छान आलेत." कॅमेरा छातीशी आणला. आणि सगळे सुटले. बाबांनी श्वास सोडला, दादा हुश्श म्हणाला, भाची मागे वळून काही तरी बोलली, नवरा "चला जेवायला" म्हणाला आणि सगळे त्याला हसले. त्या दहा सेकंदांत तिनं छातीशी धरलेल्या कॅमेऱ्यातूनच वीसेक फोटो काढले. तिची ही जुनी युक्ती आहे. 'झालं' या शब्दानं माणसाचा चेहरा त्याला परत मिळतो, असं तिचं म्हणणं. ते फोटो खरंच बरे होते, फक्त निम्मे जण पाठमोरे. दुसऱ्यांदा ती "झालं" म्हणाली तेव्हा कुणी हललं नाही. सगळ्यांना कळलं होतं. सगळे 'झालं'ची वाट बघत ताठ उभे! असल्या युक्त्या एकदाच चालतात, तेही अनोळखी लोकांत जास्त.

मुलानं घड्याळ दाखवलं. सोळा मिनिटं.

मग तिनं माझ्याकडे रिमोट मागितला. सरावासाठी मी फोनचं बटण दुरून दाबायचं एक छोटंसं ब्लूटूथ रिमोट घेतलं होतं, खोडरबरापेक्षा थोडं मोठं, मध्ये एकच बटण. तिनं तिचा कॅमेरा बाजूला ठेवला, माझा फोन ट्रायपॉडवर लावून लांब सरकवला आणि रिमोट बाबांच्या तळहातावर ठेवलं. "काका, आता फोटो तुम्ही काढायचे. कधी काढायचे ते तुम्ही ठरवा. कुणाला सांगायचं नाही."

बाबांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. "किती वेळा दाबलं तर चालतं?"

"मोजू नका."

आम्ही सवयीनं पुन्हा ताठ झालो. बाबा दाबेनात. नुसते समोर बघत बसले, हात मांडीवर, अंगठा कुठे आहे ते दिसेना. पाच सेकंद, दहा सेकंद. आई म्हणाली, "दाबा की." ते म्हणाले, "दाबलं." "कधी?" "मघाशी." "आम्ही तयार नव्हतो!" "म्हणून तर दाबलं." आईनं वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा 'टिक्' झालं.

त्यानंतर काय झालं ते नीट क्रमानं मला सांगता येणार नाही. फोटो कधी निघणार हेच माहीत नाही म्हटल्यावर थांबायचं तरी कशासाठी? छोटीनं एका पायातला मोजा ओढून फेकला, तो मी उचलला. भाचा "आजोबा, आता! आजोबा, आता!" करून ओरडत होता आणि आजोबा नेमके तेव्हा दाबत नव्हते. दादाचे डोळे टक्क उघडे, कारण बाबांचा अंगठा कुठे आहे हे तो शोधत होता. मी ओरडले, "बाबा, अहो थांबा ना, मला केस तरी—" टिक्. बाबा हसले. आवाज करून, मान मागे टाकून, ती फट सगळ्या जगाला दाखवत. टिक्, टिक्, टिक्. वीस मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. मुलगा खांब सोडून बाबांच्या मागे जाऊन उभा होता आणि त्यांच्या कानात सांगत होता, कुणाचा घ्यायचा ते.

एकशे बेचाळीस फोटो निघाले. निवडायला बसलो तेव्हा अर्थातच प्रत्येक जण आधी स्वतःला शोधत होता आणि आपणच चांगले आलेला फोटो पुढे करत होता. वहिनीनं तोडगा काढला: स्वतःबद्दल मत द्यायचं नाही, उरलेल्या अकरांबद्दल बोला. या नियमानं सगळ्यांची मतं ज्या फोटोवर पडली तो मला अजिबात आवडला नव्हता. माझं तोंड उघडं, केस विस्कटलेले, एक डोळा अर्धा. दोन दिवस मी कुरकुरले. मग त्या 1977 च्या प्रयोगातल्या मैत्रिणी आठवल्या आणि गप्प बसले. त्यात बाबा हसताहेत आणि आई समोर न बघता बाबांकडे बघते आहे, तोंड मिटून.

फ्रेम भिंतीवर लागली त्या दिवशी भाचा खुर्ची ओढून वर चढला. आधी त्यानं माझा उजवा हात शोधला. मूठ होतीच, घट्ट आवळलेली.

"आत्या, यात काय आहे?"

"छोटीचा मोजा," मी म्हटलं.

त्यानं नाक काचेला लावून खात्री करून घेतली. मुठीतून बोटभर पिवळी लोकर बाहेर आलेली दिसते.

रिमोट मला परत मिळालेलं नाही. बाबांनी ते कुणाकडून तरी स्वतःच्या फोनला जोडून घेतलंय आणि चष्म्याच्या घरात ठेवतात. परवा मी गेले तर दारातच, एका पायावर उभी राहून चपलेचा बंद सोडत होते, आणि आतून कुठून तरी आवाज आला. टिक्.